समीकरण जमतं, पण मोल आला की मुलं का अडतात?

सावनेरला कनिष्ठ महाविद्यालयात यंदाच रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारलंय: "अकरावीची मुलं समीकरणं संतुलित करतात, दहावीत त्यात पूर्ण मार्क मिळवून आलेली असतात. पण 'इतक्या ग्रॅमपासून किती ग्रॅम मिळेल' असा प्रश्न आला की निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो. गणित कच्चं म्हणावं तर भागाकार-गुणाकार येतात. मग चुकतंय कुठे? आणि पोर्शन पूर्ण करायचा असताना याला किती तास द्यावेत?"

मॅडम, गणित कच्चं नाही हे तुमचं निदान बरोबर आहे. नागपुरात सव्वीस वर्षं हाच विषय शिकवतोय, त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही चुकीच्या जागी खणत होतो. मुलांना संतुलन जमतं असं आपल्याला वाटतं, पण त्यांना जमतं ते आकडे भरण्याचं कोडं. त्या आकड्याचा अर्थ काय, हे कोणी त्यांना विचारलेलंच नसतं. सूत्राच्या पुढचा आकडा म्हणजे संख्या, नग. वजन नव्हे. हे एकदा हाडात मुरलं की पुढचं सगळं शाळेतलं त्रैराशिक आहे. मुरलं नाही, तर तुम्ही शंभर उदाहरणं सोडवून दिली तरी एकशे एकावं अडतं.

हे मला शिकवलं एका मुलाने. पाण्याचं समीकरण फळ्यावर होतं: दोन एच-टू अधिक एक ओ-टू, बाण, दोन एच-टू-ओ. (सूत्रं वर्गात तोंडाने वाचतो तशीच लिहितोय.) मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दोन अधिक एक बरोबर दोन कसे?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि "अरे, ते तसं नसतं" म्हणून पुढे गेलो. चाचणीचे पेपर तपासायला घेतले तेव्हा त्याच वर्गातल्या अकरा जणांनी लिहिलं होतं की २ ग्रॅम हायड्रोजन आणि १ ग्रॅम ऑक्सिजनपासून २ ग्रॅम पाणी तयार होतं. एक ग्रॅम गेला कुठे, याची कोणालाच फिकीर नव्हती. हसला तो वर्ग खरं तर त्याच गोंधळात होता. त्या एका मुलाने तो बोलून दाखवला, एवढंच.

त्यात आपला शब्दही थोडा दगा देतो. 'समीकरण' म्हटलं की मुलाला बीजगणित आठवतं: दोन्ही बाजू समान, क्ष ची किंमत काढा. इथे रेणूंची संख्या दोन्हीकडे समान नसतेच. तीन रेणूंचे दोन झाले. समान राहतात ते अणू, आणि म्हणून वस्तुमान. पहिल्या तासाला फळ्यावर पाण्याच्या समीकरणाखाली तीन ओळी काढा. रेणू: ३ चे २. अणू: ६ चे ६. वस्तुमान: ३६ ग्रॅमचे ३६ ग्रॅम. काय टिकलं, काय नाही, ते मुलांनाच सांगू द्या. मी या तीन ओळींवर अख्खा तास घालवतो आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

आता आपल्या भागातली एक खास अडचण, जी पुण्याच्या मास्तरांना सहसा भेटत नाही. मराठीत अणू म्हणजे पदार्थाचा सगळ्यात लहान कण, आणि अणू जोडले की रेणू. हिंदीत मात्र त्या लहान कणाला परमाणु म्हणतात आणि आपल्या रेणूला अणु. नागपूरचं पोरगं शाळेत मराठी किंवा सेमी, गल्लीत हिंदी, आणि घरी मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघून अभ्यास करतं. त्याच्या डोक्यात 'अणू' हा शब्द दोन अर्थांनी फिरत असतो. ऑक्सिजनचे दोन अणू म्हणजे ओ-टू एक की ओ-टू दोन, इथेच त्याची गाडी रुळावरून घसरते, आणि आपण शोधत बसतो पुढच्या स्टेशनवर. मी वर्गात सरळ विचारतो, कोण कोण हिंदीतून बघतं? हात वर होतात. मग फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही भाषांची जोडी लिहितो आणि ती महिनाभर पुसू देत नाही.

यानंतर सूत्रं. संतुलनात अडलेल्या दहा मुलांपैकी बहुतेकांचं संतुलन चुकलेलं नसतं, सूत्र चुकलेलं असतं. सोडिअम सल्फेटमध्ये सोडिअम एकच लिहिला की ते समीकरण कधी जन्मात जुळणार नाही, आणि जुळत नाही म्हटल्यावर मूल हताश होऊन कुठल्या तरी सूत्राचा खालचा आकडा बदलतं. म्हणून संयुजा (एक अणू किती जोड्या करू शकतो तो आकडा) आणि मूलकं (सल्फेटसारखे धन किंवा ऋण भाराचे कण) पाठ हवीतच. पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. पंधरा-वीस धन आणि ऋण मूलकं तोंडपाठ नसतील तर समजावून सांगण्याला उभं राहायला जमीनच नाही.

खालचा आकडा का बदलायचा नाही, हे मात्र पाठांतराने कळत नाही. त्याला मी मेथीची जुडी वापरतो. भाजीवाली जुडी बांधूनच आणते. तुम्ही दोन घ्या, पाच घ्या. पण जुडी सोडून दोन काड्या कमी करा म्हणालात तर ती तुमच्याकडे बघेल. पुढचा आकडा म्हणजे किती जुड्या, खालचा आकडा म्हणजे एका जुडीत किती काड्या. जुड्यांची संख्या तुमच्या हातात आहे, जुडी कशी बांधायची ते निसर्गाने ठरवलंय. एच-टू-ओ ला ऑक्सिजन कमी पडतो म्हणून एच-टू ओ-टू लिहिलंत तर ते पाणी राहिलं नाही, ते जखमेवर ओतलं की फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. हे मुलांना लगेच पटतं, कारण ती बाटली प्रत्येकाने कधीतरी पाहिलेली असते.

प्रत्यक्ष संतुलनाला पहिलं उदाहरण तुमच्या तालुक्यातलंच घ्या. गुमगावची मँगनीजची खाण तुमच्या मुलांपैकी कित्येकांनी येता-जाता पाहिली असेल. कोणाचे वडील तिथे कामालाही असतील. त्या खाणी चालवणाऱ्या मॉइलचं मुख्यालय इथे नागपुरात काटोल रोडवर आहे. मँगनीज डायऑक्साइड आणि अॅल्युमिनिअम तापवले की मँगनीज सुटतो आणि अॅल्युमिनिअम ऑक्साइड तयार होतं. कारखान्यात हे काम बहुतेक कार्बनच्या साहाय्याने करतात, पण शिकायला हीच अभिक्रिया छान, आणि रेल्वेचे रूळ जोडतात ती थर्माइटची अभिक्रिया हिचीच बहीण.

डावीकडे एका जुडीत ऑक्सिजन २, उजवीकडे ३. मुलांना विचारा, २ आणि ३ चा लसावि? सहा. म्हणजे डावीकडे तीन जुड्या, उजवीकडे दोन. आता मँगनीज तीन झाले, उजवीकडे सुटे तीन लिहा. अॅल्युमिनिअम उजवीकडे चार झाले, डावीकडे सुटे चार लिहा. झालं. शाळेतला लसावि अकरावीत असा कामाला येतो म्हटल्यावर चेहरे उजळतात. आणि इथे एक शिस्त लावून घ्या: जो मूलद्रव्य म्हणून एकटा आलाय त्याला शेवटी हात लावायचा. तो सुटा असतो, त्याची संख्या बदलली तरी दुसऱ्या कोणाचं बिघडत नाही. 'धातू आधी, मग अधातू, हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेवटी' हा जो क्रम क्लासमध्ये घोकून घेतात, त्याच्या मुळाशी बऱ्याच वेळा हेच कारण असतं. पण कारण न सांगता क्रम दिला की मँगनीजसारख्या उदाहरणात मुलं ऑक्सिजनला शेवटपर्यंत हात लावत नाहीत आणि गोल गोल फिरत राहतात.

सल्फेट, नायट्रेट अशी मूलकं दोन्हीकडे अखंड राहिली असतील तर त्यांना गठ्ठा म्हणूनच मोजू द्या. गंधक वेगळं, ऑक्सिजन वेगळा असं मोजायला लावून छळू नका. ज्वलनाच्या समीकरणात अपूर्णांक खुशाल वापरू द्या. ब्यूटेन घ्या, सी-फोर एच-टेन. कार्बन चार म्हणून सीओ-टू चार, हायड्रोजन दहा म्हणून पाणी पाच. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले आठ अधिक पाच, तेरा. म्हणजे ओ-टू साडेसहा. मुलं साडेसहा बघून बिचकतात, "सर, अर्धी जुडी?" छान. याचा अर्थ तुमची जुडी त्यांना समजली. दुप्पट करा: दोन ब्यूटेन, तेरा ऑक्सिजन, आठ कार्बन डायऑक्साइड, दहा पाणी. एक बीजगणिताची पद्धतही आहे, प्रत्येक सूत्राला अ, ब, क धरून समीकरणं सोडवायची. कधीही चुकत नाही आणि काहीही शिकवत नाही. हुशार मुलाला घरी करायला द्या, वर्गात नको.

आता मोलकडे, म्हणजे डझनासारख्याच पण कण मोजायच्या गटाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

मोलची सुरुवात मी त्या प्रचंड आकड्याने करत नाही. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात हे फळ्यावर लिहिलं की मुलं तो पाठ करतात आणि मोल म्हणजे 'एक आकडा' असं समजून बसतात. मी इतवारीतून नट-बोल्ट आणतो. हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट कोणी मोजून देत नाही, तोलून देतात, आणि मुलांना हे माहीत असतं. माझ्याकडचा एक बोल्ट १५ ग्रॅमचा, एक नट ५ ग्रॅमचा. एका बोल्टला दोन नट, असा सेट करायचा. टेबलावर दोन पिशव्या ठेवतो, १५० ग्रॅम बोल्ट आणि १५० ग्रॅम नट. पिशवी उघडायची नाही. सांगा, किती सेट होतील आणि काय उरेल?

पहिलं उत्तर हमखास येतं, "सारखंच वजन आहे सर, काहीच नाही उरणार." दुसरं येतं, "नट दोन लागतात, म्हणजे नट कमी पडतील." मग कोणीतरी हळूच भागाकार करतो. बोल्ट दहा, नट तीस. सेट दहा, नट उरले दहा. पिशव्या उघडून बघतात, तसंच निघतं. सेटचं वजन २५, दहा सेट २५०, उरलेले नट ५०, एकूण ३००. वस्तुमानाची अक्षय्यताही तिथेच तोलून घेतात. मग मी म्हणतो, आता बोल्टच्या जागी ऑक्सिजन, नटच्या जागी हायड्रोजन. दोन्ही ३२-३२ ग्रॅम. ऑक्सिजनचा एक मोल ३२ ग्रॅमचा, हायड्रोजनचा २ ग्रॅमचा. म्हणजे ऑक्सिजनचे मोल १, हायड्रोजनचे १६. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात. किती पाणी, काय उरलं? ३६ ग्रॅम पाणी, २८ ग्रॅम हायड्रोजन तसाच. 'मर्यादित अभिक्रियाकारक', म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, हा भारदस्त शब्द अजून उच्चारलेला नसतो, आणि मुलांनी त्याचं उदाहरण सोडवून टाकलेलं असतं.

त्या आधी किंवा नंतर, जसं जमेल तसं, प्रयोगशाळेच्या टेबलावर बरण्यांची रांग मांडा. १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर, २७ ग्रॅम अॅल्युमिनिअमचा कागद, ५६ ग्रॅम लोखंडी खिळे, ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा. प्रत्येक बरणीवर फक्त एकच चिठ्ठी: '१ मोल'. पाणी बरणीच्या तळाशी जेमतेम मोठा चमचाभर-दीड चमचाभर दिसतं, साखर गळ्यापर्यंत येते. 'दोन्हीत नग सारखेच' हे ऐकून मुलं बरण्या उचलून बघतात. (मिठात रेणू नसतात, आयन असतात, हे कोणी विचारलं तर सांगा, न विचारल्यास या टप्प्यावर गप्प बसा.) डझन, कोडी, शेकडा, तसाच मोल. फरक इतकाच की हा मोजमापाचा गट इतका मोठा आहे की तो मोजता येत नाही, तोलावाच लागतो. मग तो २३ व्या घाताचा आकडा सांगा, आणि जाता जाता हेही सांगा की २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या या आकड्यावरच बांधली आहे. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ वर टेकलेली होती. 'स्टॉइकिओमेट्री' या शब्दाचीच मुलांना धडकी भरते, तर तो १७९२ साली रिश्टर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांवरून घडवला, अर्थ एवढाच की मूलद्रव्यांचं मोजमाप. शब्द घाबरवतो तितकं आत काही नाही.

मग त्रैराशिक. जुन्या पालकांना हा शब्द माहीत असतो, मुलांनाही सांगा. पण त्रैराशिक मांडायचं कुठे, हीच सगळी गोम आहे. ग्रॅमची ग्रॅमशी थेट गाठ घालायची नाही, निदान पहिले दोन महिने तरी. ग्रॅमवरून मोलवर या, समीकरणातल्या आकड्यांवरून दुसऱ्या पदार्थाचे मोल काढा, मग हवं तर पुन्हा ग्रॅमवर जा. मी याला पूल म्हणतो. अलीकडच्या काठावर ग्रॅम, पलीकडच्या काठावर ग्रॅम, आणि नदी फक्त मोलच्या पुलावरूनच ओलांडायची. पोहत जाणारी मुलं असतात. दोन मोल खाण्याचा सोडा १६८ ग्रॅम, त्यातून एक मोल सोडिअम कार्बोनेट १०६ ग्रॅम, तर ती '१६८ पासून १०६, तर ८.४ पासून किती' असं थेट मांडतात, आणि उत्तर बरोबर येतं. त्यांना चूक म्हणू नका, पण पूल काढून दाखवायला लावा. कारण पुढे द्रावणाची मोलारिटी (एका लिटरमध्ये किती मोल) आली, वायूचं आकारमान आलं, की पोहणारे बुडतात. एका काठावर ग्रॅमऐवजी लिटर आला तरी पूल तोच राहतो.

आता हे सगळं हाताने करून बघायचा, फारसा खर्च नसलेला प्रयोग. खाण्याचा सोडा तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि मागे उरतो सोडिअम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा पाणी नसलेला भाऊ. दोन खाण्याच्या सोड्यापासून एक सोडिअम कार्बोनेट. ८.४ ग्रॅम घ्या, म्हणजे ०.१ मोल. मिळायला हवेत ०.०५ मोल, ५.३ ग्रॅम. सराफ वापरतात तसला छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. स्टीलची वाटी किंवा लोखंडी पळी चालेल, अॅल्युमिनिअमचं भांडं नको. आणि बेकिंग पावडर आणू नका. त्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असतात, आकडे भलतेच येतात. एकदा आमच्याकडे तेच झालं होतं. दुकानदाराने डबी बदलून दिली आणि अर्धा तास मी मुलांच्या हिशोबात चूक शोधत होतो.

आधी उत्तर कागदावर काढायचं, मग तापवायचं. एका वर्षी एका मुलीच्या वाटीत उरले ५.९. तिने वहीत ५.३ लिहिलं. मी काटा बघितला, वही बघितली. ती म्हणाली, "सर, उत्तर तं पाच पॉइंट तीनच आहे नं." मी म्हटलं, उत्तर पुस्तकाचं आहे, वाटी तुझी आहे. वाटी काय सांगून राहिली ते लिही. तिने खाडाखोड करून ५.९ लिहिलं, रागातच. मग आम्ही दोघांनी हिशोब केला. निघून जायला हवे होते ३.१ ग्रॅम, गेले २.५. म्हणजे ८१ टक्के काम झालंय, सोडा अजून शिल्लक आहे. "मग अजून तापवू का?" वाटी परत ठेवली, चमच्याने ढवळत पाच मिनिटं तापवली. ५.४. पुन्हा तापवली, पुन्हा ५.४. 'वजन स्थिर होईपर्यंत तापवा' हे प्रयोगवहीतलं वाक्य वर्गाने त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं म्हणायला हरकत नाही. शेकडा उत्पादन (हिशोबातल्यापैकी प्रत्यक्षात किती टक्के मिळालं) वगैरे शिकवायला मला नंतर वेगळा तास लागला नाही.

मर्यादित अभिक्रियाकारकाबद्दल अजून थोडं, कारण परीक्षेत सगळ्यात जास्त रडारड इथेच. मुलांची पक्की समजूत असते की ज्याचे मोल कमी, तो आधी संपणार. ही समजूत मोडायला मी पंगतीत जातो. एका पानाला एक पत्रावळ आणि दोन द्रोण. पत्रावळी १००, द्रोण १५०. आधी काय संपेल? "पत्रावळी सर, कमी आहेत." वाढायला लागा. पंचाहत्तर पानं वाढून झाली की द्रोण संपले, पंचवीस पाहुणे पत्रावळ घेऊन वरणाची वाट बघत बसले. संख्या बघायची नाही, एका पानाला किती लागतात त्याने भागून बघायचं: १०० भागिले १, आणि १५० भागिले २. जो भागाकार लहान, तो आधी संपणार. मोलला समीकरणातल्या आकड्याने भागायचा नियम असाच आहे, पण तो नियम म्हणून दिला की दोन आठवड्यांत विसरतात. वरणाची वाट बघणारे पाहुणे मात्र बारावीपर्यंत लक्षात राहतात.

याच्या जोडीला फुग्यांचा प्रयोग करा. सहा बाटल्यांत प्रत्येकी ५० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर, सहा फुग्यांत १, २, ३, ४, ५, ६ ग्रॅम खाण्याचा सोडा. फुगे बाटलीच्या तोंडाला बसवून एकदमच उलटे करायचे. व्हिनेगर ४ टक्क्यांचं असेल तर त्यात अॅसेटिक आम्ल साधारण २ ग्रॅम, म्हणजे मोलचा तिसावा भाग, आणि त्याला पुरतो २.८ ग्रॅम सोडा. त्यामुळे तिसऱ्या फुग्यापर्यंत फुगे वाढत जातात आणि मग सगळे एकाच मापाचे. पहिल्या दोन बाटल्यांत सोडा संपला, बाकीच्यांत आम्ल. बाटली हलवली नाही तर शेवटच्या बाटलीच्या तळाशी थोडा पांढरा सोडा काही वेळ बसलेला दिसू शकतो. उरलेला पदार्थ डोळ्यांनी दिसणं फार महत्त्वाचं. व्हिनेगरच्या बाटलीवरचा टक्का मात्र आधी वाचून घ्या.

मोठं उदाहरण द्यायचं तर स्वयंपाकघरातलं द्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण असतं, आपण सोयीसाठी सगळं ब्यूटेन धरू. ब्यूटेनचा मोल ५८ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे २४५ मोल. एका ब्यूटेनला चार सीओ-टू, म्हणजे ९७९ मोल, ४३ किलो. इथे दरवर्षी कोणीतरी ओरडतंच: "चौदा किलोतून त्रेचाळीस किलो? कायच्या काय!" आता त्यालाच उभं करा. ऑक्सिजन किती लागला ते काढ. साडेसहापट मोल, सुमारे ५१ किलो. पाणी? पाचपट मोल, २२ किलो. चौदा आणि एक्कावन्न पासष्ट, त्रेचाळीस आणि बावीस पासष्ट. जुळलं. दारं-खिडक्या बंद करून गॅस का पेटवू नये, हे तो स्वतः सांगतो, कारण हवेत वस्तुमानाने ऑक्सिजन २३ टक्केच, म्हणजे एका सिलिंडरला २२० किलो हवा खेचली जाते. एका मुलीने एकदा विचारलं, की डिसेंबरात सकाळी आई पोळ्या करते तेव्हा खिडकीच्या काचेवर पाणी जमतं ते कुकरचं की गॅसचं? मी म्हटलं, कुकर न लावता बघ. दुसऱ्या दिवशी तिने येऊन सांगितलं, नुसत्या पोळ्यांनीही जमतं. पोळीतलंही पाणी असतं त्यात, पण मी तिला तेवढ्यावर अडवलं नाही.

कोराडीच्या वीज केंद्राच्या धुराड्यांवरूनही एक गणित होतं. समजा हजार किलो कोळशात अर्धा टक्का गंधक आहे. पाच किलो गंधकाचा दहा किलो सल्फर डायऑक्साइड, आणि तो चुनखडीने पकडायचा तर साधारण १५.६ किलो चुनखडी, आणि हातात येतो जिप्सम. गंधक आणि सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण ३२ ला ६४ इतकं सोपं आहे की मुलं तोंडी करतात. किती टन कोळसा रोज जळतो, हे पुढे त्यांनीच विचारू द्या.

वायूंच्या आकारमानात २२.४ लिटरचा आकडा ही दुसरी घोकंपट्टी. तो ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला लागू. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तोच मोल २६ लिटरच्या आसपास पसरतो. एवढं सांगितलं की पुरे. पुढचं वायूंच्या धड्यात येतंच.

तासांचं विचारलंत. माझा हिशोब असा: अणू-रेणू आणि सूत्रांना तीन, संतुलनाला दोन, बरण्या आणि नट-बोल्टला दोन, पुलाला चार, मर्यादित अभिक्रियाकारकाला तीन, प्रयोगाला दोन. सोळा तास. पुस्तकात या धड्याला त्याहून कमी जागा आहे, मला माहीत आहे. ते तास मी पुढे वसूल करतो, कारण द्रावणं, वायू, उष्मागतिकी, सगळीकडे हाच पूल आहे आणि तिथे पुन्हा थांबावं लागत नाही. काही गाळायचंच असेल तर इक्विव्हॅलंट वजनाचं (मोलचं वजन भागिले एन-फॅक्टर) ओझं गाळा. क्लासवाले एन-फॅक्टरने (एका रेणूमागे किती इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन आयन देवाणघेवाणीत जातात तो आकडा) अर्ध्या मिनिटात उत्तर काढायला शिकवतात, आणि मुलं वर्गात येऊन तुमच्यासमोर ते मिरवतील. मिरवू द्या. फक्त विचारा, इथे एन-फॅक्टर दोन का, पाच का नाही? बहुतेक वेळा तिथेच शांतता होते, आणि मग पूल पुन्हा काढता येतो.

काटा वापरताना एक ध्यानात ठेवा. ०.०१ ग्रॅमचा काटा पंख्याच्या वाऱ्याने हलतो, आकडा स्थिर होतच नाही. पंखा बंद केला की पोरं कुरकुर करतात, दुपारच्या तासाला तर बंडच पुकारतात. मी तो प्रयोग सकाळच्या पहिल्या तासालाच ठेवतो.